फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज? कार ऑडिओच्या त्या फॉरवर्डचा समाचार

हा मेसेज पंधरा दिवसांत मला चार जणांनी पाठवला. पहिल्या तिघांचा वाचून सोडून दिला. गाडीच्या साउंडबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्याला धरबंदच नाही. प्रत्येकाला उत्तर देत बसलो तर गॅरेज उघडायचं कधी? चौथा माझा भाचा निघाला. त्याने नुसता पाठवला नव्हता. त्यातला दुसरा मुद्दा गाडीत करून, ती गाडी घेऊनच तो दारात उभा होता.

विट्याहून माझ्याकडे मिरजेला निघाला, तासगाव मागे पडल्यावर वास यायला लागला. "मामा, एसीतून रबर जळल्यासारखं येतंय बघा," म्हणाला. एसीचा काडीचा संबंध नव्हता. ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी काढली, कार्पेट उचललं, तर खालची लाल पॉवर वायर कार्पेटला चिकटलेली. बोट लावलं तर इन्सुलेशन उन्हातल्या गुळासारखं मऊ. मागच्या सीटवर माझी बहीण बसून आली होती, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे माझा आवाज का चढलाय ते कळेल.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर ठळक अक्षरांत 'गाडीत डॉल्बीसारखा साउंड! गॅरेजवाले लपवतात त्या ७ गोष्टी'. मग: एक, कॅपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा डबा) लावा, अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करणारा) खर्च वाचतो. दोन, फ्यूज सारखा उडत असेल तर दुप्पट अँपिअरचा टाका, नाही मिळाला तर तांब्याची तार गुंडाळा. तीन, मोठा अल्टरनेटर टाकू नका, जास्त करंट येऊन ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळतो. चार, डिकीत दुसरी बॅटरी टाका, पॉवर डबल. पाच, अँपची (म्हणजे ॲम्प्लिफायरची) अर्थ, परतीची काळी वायर, बॉडीला नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. सहा, '४ गेज' (वायरच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी वायर जाड) लिहिलेली कुठलीही वायर चालते. सात, विमा कंपनीला कळवू नका, प्रीमियम वाढतो. आणि शेवटी 'ही माहिती कुठलाही गॅरेजवाला देणार नाही'.

मी गॅरेजवाला. सव्वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे करतोय. घ्या माहिती.

क्रम मेसेजचा ठेवत नाही. सुरुवात दुसऱ्यापासून, कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातात आणि याने गाडी जाते.

फ्यूज अँपच्या रक्षणासाठी असतो असा बहुतेकांचा समज आहे. अँपच्या अंगावर त्याचे स्वतःचे पात्याचे फ्यूज असतात, ते त्याच्यासाठी. बॅटरीजवळ जो मोठा फ्यूज बसवतात तो वायरसाठी असतो. वायर जेवढा करंट सहन करते त्याच्या आत फ्यूज तुटला पाहिजे, एवढंच त्याचं काम. त्यामुळे फ्यूजचा आकडा अँप बघून वाढवता येत नाही. वायर बघून ठरवावा लागतो. शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर असेल तर ५० ते ६० अँपिअर, ४ गेजची असेल तर १०० ते १२५, आणि ० गेज म्हणजे साधारण ५३ चौरस मिलिमीटरची असेल तर अडीचशेच्या घरात. तांबं शुद्ध नसेल तर प्रत्येक आकडा खाली आणायचा.

आता भाच्याची गाडी. किटबरोबर ६० अँपिअरचा फ्यूज आला होता. तो उडायला लागला. मेसेज म्हणतो दुप्पट टाका. दुकानात १२० चा नव्हता, दुकानदाराने १५० चा दिला. अँपवर ३० चे दोन फ्यूज होते, तेही काढून ४० चे घातले. मग अर्थातच काही उडेना. "आता बरोबर चाललंय की मामा," हे त्याचं वाक्य. बरोबर चाललं नव्हतं. उडायचं काम आता वायरकडे आलं होतं.

हिशोब करून दाखवतो. वायरवर '४ गेज' छापलेलं, आत सोलून बघितलं तर धातू जेमतेम ८ चौरस मिलिमीटर, आणि तोही तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनिअम. बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर. अशा वायरचा रोध साधारण १६ मिलिओहम येतो. बेस वाजताना ८० अँपिअर ओढले की ८० गुणिले ८० गुणिले ०.०१६, म्हणजे शंभर वॉट उष्णता. आपण सोल्डर मारायला जी २५ वॉटची इस्त्री वापरतो तशा चार इस्त्र्या कार्पेटखाली लांबवर पसरून ठेवल्यात असं समजा. बेस थांबला की जरा थंड होते, पुन्हा वाजला की तापते. विटा ते मिरज हेच चाललं होतं.

हे झालं नुसत्या लोडचं. वायर बोनेटमधून केबिनमध्ये जाते तिथे पत्र्याला भोक असतं. भाच्याच्या गाडीत त्या भोकाला रबरी ग्रोमेटही नव्हता. धक्क्यांनी इन्सुलेशन घासून पत्र्याला वायर टेकली की बॅटरी सरळ बॉडीवर शॉर्ट. नीट टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि १५० चा फ्यूजही जातो, ठीक. पण अर्धवट टेकली, १००–१२० अँपिअर वाहिले, तर? १५० च्या फ्यूजला ते काहीच नाही, तो शांत बसून राहतो आणि पेटते वायर. आणि ज्यांनी तार गुंडाळली आहे त्यांच्याकडे शांत बसायलाही कोणी नाही. इग्निशन बंद करून उपयोग नसतो, कारण ही वायर किल्लीतून जातच नाही. बोनेट उघडून पान्याने टर्मिनल सोडवेपर्यंत आग चालू. म्हणून तो फ्यूज बॅटरीपासून अठरा इंचांच्या आत हवा. डिकीत अँपशेजारी बसवलेला फ्यूज दिसायला छान दिसतो, पण त्याच्या आधीची सगळी वायर उघडी पडते.

फ्यूज उडतो तेव्हा विचारायचा प्रश्न 'का उडतोय' हा. भाच्याकडे दोन वूफर (बेसचे मोठे स्पीकर), प्रत्येकाला ४ ओहमच्या दोन कॉइल. बसवणाऱ्याने चारही कॉइल पॅरललमध्ये जोडल्या होत्या. चाराला चाराने भागा, एकूण १ ओहम. अँपच्या बुडावर स्पष्ट छापलेलं: किमान २ ओहम. म्हणजे फ्यूज बिचारा बरोबरच बोलत होता. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घेतल्या, मग दोन वूफर पॅरललमध्ये, झाले ४ ओहम. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. आवाज थोडा उतरला, त्याचं तोंडही उतरलं. उतरू दे. काही वेळा कारण याहून साधं असतं: काचेच्या नळीचे स्वस्त फ्यूज होल्डर, ज्यांचा स्क्रू ढिला होऊन होल्डरच तापतो आणि फ्यूज वितळतो. तिथे होल्डर बदला. आकडा नका वाढवू.

आता कॅपॅसिटर. हा मुद्दा सगळ्यात जास्त विकला जातो, कारण त्यावर निळे आकडे चमकतात.

एक फॅरडचा कॅपॅसिटर १४.४ व्होल्टला भरलेला आहे. अँप ओढायला लागला आणि व्होल्टेज १२ वर आलं. तेवढ्यात त्याने किती ऊर्जा दिली? अकरावी-बारावीचं सूत्र: अर्धा गुणिले फॅरड गुणिले व्होल्टेजच्या वर्गांतला फरक. २०७ वजा १४४, त्याचं निम्मं. जवळपास ३२ ज्यूल. भाच्याचा अँप त्याच्या मूळच्या ६० अँपिअरच्या फ्यूजवर जोरात चालला तर सेकंदाला साडेआठशे ज्यूल खातो. म्हणजे हा कॅपॅसिटर त्याला पुरला एका सेकंदाच्या सत्ताविसाव्या भागापुरता. ४० हर्ट्झच्या बेसची एक लाट पूर्ण व्हायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. दीड लाट! दीड लाटेत कॅपॅसिटर रिकामा, आणि मग त्याला परत भरायचं कोणी? त्याच अल्टरनेटरने. जो मदतनीस आणला तोही जेवायला पंगतीत बसला.

तुलनेसाठी, गाडीची साधी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा लाख ज्यूल धरून असते. तिच्यापुढे ३२. तरी लोक विचारतात, दोन लावले तर?

मान्य करायचं तेवढं करतो. अल्टरनेटर पुरेसा आहे, वायर नीट आहे, आणि तरी ढोलाच्या पहिल्या थापेला हेडलाईट किंचित मिचकतात, तर कॅपॅसिटरने ते मिचकणं कमी होऊ शकतं. बस, एवढंच. आणि लावणारच असाल तर रिकामा कॅपॅसिटर सरळ बॅटरीला टेकवू नका, वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. मधे १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब धरा, बल्ब हळूहळू विझला की भरला असं समजा आणि मग पक्का जोडा.

मेसेजच्या मुळाशी जो घोळ आहे तो वॉटचा आहे. भाच्याच्या खोक्यावर '३००० वॉट' लिहिलेलं. ३००० ला १४.४ ने भागा: दोनशे आठ अँपिअर, तेही एक वॉटसुद्धा वाया जात नाही असं धरून. फ्यूज किती दिले होते कंपनीने? ३० अधिक ३०. साठ गुणिले १४.४ म्हणजे ८६४ वॉट आत जाणार, क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप असेल तर त्यातले ऐंशी टक्के बाहेर येणार. सातशेच्या आत. खोक्यावरचे बाकीचे तेवीसशे वॉट खोक्यातच राहिले.

अँपची खरी ताकद मोजायचं एक अमेरिकन मानक आहे, सीईए-२००६. त्यातलं २००६ म्हणजे साल नव्हे, मानकाचा क्रमांक. हल्ली त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यात मोजणीच्या अटी ठरलेल्या आहेत: ४ ओहमचा लोड, एक टक्क्याच्या आत विकृती, आणि अँपच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट. ही शेवटची अट नीट वाचा. पुस्तिकेत जो आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा असतो तो १४.४ व्होल्टचा असतो, आणि तो अँपच्या टर्मिनलवर मोजलेला असतो. बॅटरीवर नाही, अल्टरनेटरवर तर नाहीच. बहुतेक स्वस्त अँपमध्ये आतला सप्लाय रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर धरणारा) नसतो, त्यामुळे व्होल्टेज घसरलं की वॉट वर्गाच्या हिशोबाने घसरतात. १४.४ चे १२ झाले तर ताकद सत्तर टक्क्यांवर.

भाच्याच्या गाडीत मी काही खोलायच्या आधी मोजलं. इंजिन स्लोवर, एसी आणि हेडलाईट चालू, गाण्यात लांब बेस. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, अँपच्या टर्मिनलवर ११.२. वर्गाचा हिशोब केला तर अँपची साठ टक्के ताकद उरली होती. मधले १.३ व्होल्ट वायरने खाल्ले होते, आणि बॅटरीवरच १२.५ दिसतात याचा अर्थ अल्टरनेटरने केव्हाच हात टेकले होते आणि बॅटरी उतरत होती. पैसे कुठे घालायचे हे त्या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. त्यात कॅपॅसिटर कुठे आला?

तिसरा मुद्दा, मोठ्या अल्टरनेटरने ईसीयू जळतो. घरात ४० अँपिअरचं कनेक्शन असलं म्हणून झिरोचा बल्ब फुटतो का? अल्टरनेटर करंट ढकलत नाही. ज्याला जेवढा लागतो तेवढा तो ओढून घेतो. ढकलण्याचा जो भाग आहे तो व्होल्टेजचा, आणि ते रेग्युलेटर धरून ठेवतो, साधारण १३.८ ते १४.४ मध्ये. ७५ अँपिअरचा अल्टरनेटर असो की १५० चा, ईसीयूला दिसतात तेच १४ व्होल्ट. रेग्युलेटर बिघडला तर व्होल्टेज १६–१७ वर जाऊन नुकसान होतं हे खरं, पण ते लहान अल्टरनेटरमध्येही होतं.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावं. मोठा अल्टरनेटर फुकट फिरत नाही. १०० अँपिअर १४ व्होल्टला काढायचे म्हणजे १४०० वॉट, आणि अल्टरनेटरमध्येच बरंचसं वाया जात असल्याने इंजिनाकडून तीन हॉर्सपॉवरच्या आसपास जातात. लहान गाडीला ते जाणवतं. पट्ट्याचा ताण नीट नसेल तर पट्टा घसरून किंचाळतो. आणि आपल्याकडे जुना अल्टरनेटर रिवाइंड करून 'दीडशेचा करून देतो' म्हणणारे आहेत, त्यांच्यापासून जपा. वाइंडिंग बदललं तरी डायोड तेच ठेवतात, आणि बऱ्याचदा वरच्या रेसला आकडा दिसतो पण स्लोवर पूर्वीपेक्षा कमी मिळतो. काही अल्टरनेटरच्या लेबलवर दोन आकडे असतात, लहान आणि मोठा. मोठा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असतानाचा. सिग्नलला उभे असताना तुमच्या वाट्याला लहानच येतो, आणि साउंड दाखवायची हौस नेमकी उभ्या गाडीतच असते.

भाच्याच्या अल्टरनेटरवर ७५ लिहिलंय. गाडीचं स्वतःचं खाणं बघा: इंजिन, पेट्रोलचा पंप आणि इग्निशनचे दहा-पंधरा, दोन हेडलाईटचे आठ, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा मिळून तीसच्या पुढे. स्लोवर ७५ चे जेवढे निघतात ते सगळे यातच संपतात. अँपला उरतं काय? बॅटरी.

आता मी अल्टरनेटर विकायला बसलोय असं कोणी म्हणू नका. गाण्याचा सरासरी करंट कमाल करंटपेक्षा बराच कमी असतो, तिसरा हिस्साही कित्येकदा होत नाही. खरे तीन-चारशे वॉट आरएमएस लावणाऱ्या बहुतेकांना कंपनीचा अल्टरनेटर पुरतो. त्यांनी फक्त वायर, अर्थ आणि फ्यूज नीट करावेत. हजारच्या पुढे जायचं असेल तेव्हा अल्टरनेटरचं बोलू.

दुसरी बॅटरी. पॉवर डबल होत नाही, साठा डबल होतो. गावच्या जत्रेत इंजिन बंद करून तासभर गाणी लावायची असतील तर दुसऱ्या बॅटरीला अर्थ आहे. एका ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर सरासरी २० अँपिअरने वाजवलंत तर तासाच्या आतच ती निम्मी होते, आणि मग सेल्फ मारताना 'टक टक'. पण इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या भरायच्या त्याच अल्टरनेटरने. ज्याची कमाई पुरत नाही त्याने दुसरं खातं उघडून काय होणार? आणि मेसेजने न सांगितलेलं: डिकीत साधी ॲसिडची बॅटरी ठेवू नका. हॅचबॅकची डिकी म्हणजे केबिनच. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. सीलबंद एजीएम (आतलं ॲसिड काचतंतूंत शोषून ठेवलेली) घ्या, पट्ट्याने पक्की बांधा. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लावा, कारण आता आग दोन्ही बाजूंनी लागू शकते. हे मी वीस गाड्यांत बघितलं असेल, तर दुसरा फ्यूज दोनच गाड्यांत होता.

अर्थच्या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे, नाइलाजाने सांगतो. जुन्या गाडीत अँपची काळी वायर लाल वायरीएवढ्याच जाडीची घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणली तर काही बिघडत नाही. पण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो, किती करंट गेला-आला ते मोजणारा. त्यावरून गाडी ठरवते की अल्टरनेटरने किती व्होल्ट द्यायचे. अँपची अर्थ थेट बॅटरीच्या खांबाला दिलीत तर तुमचा सगळा करंट सेन्सरला न दिसता जातो. गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे, आणि ती अल्टरनेटर बंद ठेवते. मग दर आठवड्याला बॅटरी उतरते आणि शिव्या बॅटरी कंपनीला. अशा गाडीत अर्थ सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूलाच घ्यायची.

बॉडीला अर्थ द्यायला हरकत काहीच नाही, फक्त ती द्यायची कशी ते बघा. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करायचा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवायचं, नटबोल्टने आवळायचं, वरून ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला नाही! रंगावरच स्क्रू मारला की इंजिनाच्या रेसबरोबर स्पीकरमध्ये 'कुंईऽऽ' सुरू होते आणि लोक अँप बदलत बसतात.

मेसेजमध्ये जे नाही आणि असायला हवं होतं ते म्हणजे बोनेटखालच्या तीन वायरी. अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. कंपनीने त्या कंपनीच्या लोडपुरत्या दिलेल्या असतात. साउंडवाले याला 'बिग थ्री' म्हणतात. कंपनीच्या वायरी न काढता त्यांच्या जोडीला जाड वायर टाकायची, अल्टरनेटरच्या वायरीला फ्यूजसकट. डिकीपर्यंत बोटाएवढी वायर ओढून इंजिनाची अर्थ पट्टी गंजलेली ठेवली तर करंट अडतो तिथेच. मी तर इंजिनाची अर्थ सुटल्यामुळे क्लच केबल तापलेली गाडी बघितली आहे. सेल्फचा करंट परतीची वाट शोधत केबलच्या तारेतून जात होता.

सहाव्या मुद्द्याचं उत्तर वर आलंच. गेज छापायला कोणाची परवानगी लागत नाही. चाकूने एक तार खरवडा; आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनिअम. ॲल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीच जाडी घेऊन निम्म्याच्या थोडं वर काम. शिवाय ते थिंबलमध्ये दाबलं की कालांतराने ढिलं पडतं. 'गेज' विसरा आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन चौरस मिलिमीटरमध्ये मागा. २५ किंवा ३५ ची तांब्याची वेल्डिंग केबल मऊ असते, वळते चांगली. तीसुद्धा ॲल्युमिनिअमची मिळते, म्हणून चाकू बरोबर न्या.

राहिला विमा. हा सल्ला देणाऱ्याला एकदा क्लेमच्या फॉर्मसमोर बसवायला हवं. कंपनीने बसवून न दिलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी इंडिया मोटर टॅरिफमध्ये २४ क्रमांकाचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कलम) आहे. वस्तूची किंमत जाहीर करायची, त्यावर टॅरिफप्रमाणे साधारण ४ टक्के. तीस हजारांच्या साउंडला बाराशे रुपये. पॉलिसीच्या कागदावर 'आयएमटी २४' शोधा. नसेल तर तुमचा साउंड विम्याच्या हिशोबात नाही. आणि जळलेल्या गाडीत सर्व्हेअरला न सांगितलेला अँप आणि तार गुंडाळलेला फ्यूज सापडला, तर साउंडच्या तीस हजारांवर वाद थांबेल असं समजू नका.

भाच्याच्या गाडीत जुनी वायर काढली, २५ ची तांब्याची टाकली, भोकाला ग्रोमेट, बॅटरीशेजारी ६० चा फ्यूज, अँपवर पुन्हा ३० चे दोन, बोनेटखालच्या तीन वायरी. अल्टरनेटर तोच, कॅपॅसिटर नाही. तेच गाणं, तोच एसी, इंजिन स्लोवर: अँपच्या टर्मिनलवर १३.२. "मामा, आधीपेक्षा टाइट वाजतंय," म्हणाला. वाजणारच, कमी ओढून जास्त व्होल्ट मिळतायत. बहिणीने तेवढ्यात आवाज कमी करायला लावला, तो भाग वेगळा.

तुमच्या गाडीत असा साउंड असेल तर आधी दोनच गोष्टी मोजा, जोरात वाजत असताना: बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपवरचे व्होल्ट. शंभर-दोनशेचा मल्टिमीटर पुरतो. करंट बघायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घराच्या वायरमनकडचा बहुधा फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. मधला फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर वायर आणि अर्थ. फरक कमी पण दोन्हीकडे १२.५ च्या आसपास असतील तर अल्टरनेटर. आकडे लिहून आणा. नुसता मेसेज दाखवायला येऊ नका. आणि रविवारी गॅरेज बंद असतं.